शिक्क्याच्या तोंडावरचा चरा

आमच्याकडे सहीऐवजी नावाचा शिक्का चालतो, आणि मेलेल्या माणसाचा शिक्का घरात ठेवत नाहीत. त्याच्या तोंडावर छिन्नीने आडवा चरा मारायचा आणि शरदात देवळात विधी होतो तेव्हा आगीत द्यायचा. कुणी मायेपोटी तो जपून ठेवायचं म्हटलं, की आमचे हे चिडायचे. "उद्या कुणी उचलून कर्जाच्या कागदावर उमटवला तर? मेलेला येणार आहे का भांडायला?"

हे म्हणजे इवाओ. फुजिकावा नदीकाठच्या आमच्या गावातल्या निम्म्या घरांचे सरकारी नोंदणीचे शिक्के यांनी कोरलेत. एकाच आडनावाची कितीही माणसं येवोत, प्रत्येकासाठी अक्षर नव्याने काढणार. दोन शिक्के कधी सारखे नाहीत. अक्षरांची ती सगळी चित्रं दुकानातल्या संगणकात साठत गेली. मग अर्धांगाचा झटका आला आणि यांचा उजवा हात लुळा पडला. तेव्हापासून तो संगणकच यांचा हात. एखादं जुनं चित्र उघडायचं, डाव्या हाताने माउस धरून रेघ इकडची तिकडे करायची, पुढचं काम कोरायचं यंत्र करतं. अक्षर मात्र यांचंच.

तर त्या संगणकातलं विंडोज जुनं झालं. कंपनीने त्याच्याकडे बघणं सोडलं. चित्रांचा प्रोग्रॅम ज्यांनी केला त्यांनी तर गाशा कधीच गुंडाळला होता, आणि नव्या संगणकावर तो उघडत नव्हता. आमची चिगुसा कोफूला नोकरी करते. दर रविवारी येऊन तिचं तेच दळण.

"आई, त्याला आता भोक पडलं तर बुजवायला कुणी नाही. आत अख्ख्या गावाचे शिक्के आहेत."

"मग काय करू? बाबांचा उरलेला हातही कापू?"

जरा जास्तच बोलले. पण मला खरंच राग आला होता. माणूस सकाळी उठून दुकानात बसतो तो त्या डबड्याच्या जोरावर, हे या पोरीला दिसू नये?

शेवटी तोडगा निघाला. इंटरनेटची तार काढून टाकली. ऑर्डरी माझ्या लॅपटॉपवर यायच्या, त्या मी पेनड्राइव्हने संगणकात टाकायची. मला वाटलं, सुटलो.

एका रविवारी चिगुसाने ती पेनड्राइव्ह तपासली आणि तिचा चेहरा उतरला. ऑर्डरीबरोबर कसला तरी व्हायरस आत शिरला होता. आणि तीच पेनड्राइव्ह मी रोज परत माझ्या लॅपटॉपला लावत होते.

"काही बाहेर गेलं का गं?"

"माहीत नाही. तेच तर सांगतेय, आई. कळायला मार्गच नाही."

त्याच आठवड्यात उसुईबाई आल्या. नवरा गेलेला, त्यांचा शिक्का रुमालात बांधून आणलेला. यांनीच कोरलेला, फार देखणा.

"चरा नका मारू हो," त्या म्हणाल्या. "मी कुलपात ठेवीन. कुणाला दाखवणारसुद्धा नाही."

यांनी तो बराच वेळ हातात धरला. मग मान हलवली. "नाही. कुलपं फुटतात." बोलणं अजून जड येतं यांना. मी शिक्का चिमट्यात धरला, यांनी डाव्या हाताने छिन्नी चालवली. पहिल्यांदा घसरली, दुसऱ्यांदा बसली. उसुईबाई रडतच गेल्या.

त्या गेल्यावर हे संगणकाकडे बघत बसले. "चिगुसाला बोलव."

"अहो, वेड लागलंय का तुम्हाला? पेनड्राइव्ह नाही लावणार मी. सगळं हाताने टाइप करीन."

"उसुईबाईंना आत्ता काय सांगितलं मी?"

मी चिगुसाला फोन लावला.

चिगुसाने सगळी चित्रं असलेली आतली डिस्क काढली. तळहाताएवढी. ती कुणाकडून तरी फोडून आणणार होती, पण हे ऐकेनात. तिने डिस्क लोखंडी पकडीत आवळली, यांनी डाव्या हाताने ड्रिल धरलं आणि ते घसरू नये म्हणून मी यांचं मनगट दाबून धरलं. मला वाटलं, मी यांच्याच हाताला भोक पाडतेय. चिगुसाही रडत होती. हे नाही रडले.

नवा संगणक आला. त्यात तयार अक्षरं आहेत, छापील, सगळ्यांना सारखी. त्याच्या खरेदीच्या कागदावर माझा शिक्का हवा होता. मी खणातून काढला. लग्नाच्या वर्षी यांनी माझ्यासाठी कोरलेला, संगणक घरात येण्याच्या खूप आधी, उजव्या हाताने. गावभर यांची अक्षरं आहेत, पण ज्याची त्याच्या कुलपात. आमच्या घरात आता एवढं एकच.

मी उमटवला. यांनी कागद ओढून जवळ घेतला.

"आणखी एकदा."

"अहो, कागद खराब होईल."

"दुसऱ्यावर."

कोऱ्या कागदावर शिक्का उमटवायचा नाही म्हणून जन्मभर मला दटावणारा हा माणूस. मी कोरा कागद घेतला आणि उमटवला. मग पुन्हा. कागद शाईने लाल होईपर्यंत हे "आणखी" म्हणत राहिले आणि मी उमटवत राहिले.

कागद भरला तेव्हा यांनी तो एकदा नीट पाहिला. मग गुडघ्याखाली दाबून डाव्या हाताने फाडायला लागले, एकही अक्षर अख्खं उरणार नाही इतका बारीक.