भोंग्यावरची बाई

मी आणि माझी बायको सुमिए, आम्ही दोघं जपानातल्या मात्सुएचेच. जन्म इथला, लग्न इथलं, दुकान इथलं, आणि तरीही गेल्या नोव्हेंबरपर्यंत मी किल्ल्यात पाऊल ठेवलं नव्हतं. टोफूवाल्याला त्याच्या गावात काय पाहण्यासारखं आहे ते विचारू नये. पहाटे सोयाबीन वाटायला घ्यायचं, उजाडायच्या आत टोफूच्या वड्या पाण्यात सोडायच्या. मग सुमिए त्या सायकलवर लादून घरोघर पोचवायची आणि मी दुकानात बसून गिऱ्हाइकांशी हुज्जत घालायचो. किल्ला आहेच की, बघू कधीतरी, असं म्हणता म्हणता दुकान बंद झालं, माझे गुडघे कुरकुरू लागले आणि सुमिएची आठवण जायला लागली. आधी आमटीत मीठ दोनदा पडू लागलं. मग गॅस चालू राहू लागला. मग एके सकाळी मी फिरून आलो तर तिने दारातच हसून विचारलं, "किती वड्या देऊ?"

चिझुरु, आमची मुलगी, शेवटी हिरोशिमाहून गाडी घेऊन येणार होती आणि आईला डोंगराकडच्या वृद्धाश्रमात सोडणार होती. मी हो म्हटलं होतं. किती दिवस नाही म्हणणार? चिझुरु यायच्या आदल्या सकाळी सुमिएचं डोकं अगदी स्वच्छ होतं. नाश्ता करताना ती म्हणाली, "आज गाव पाहू या. पाहुणे पाहतात तसं."

घरची सायकल तिला चालेना. पाहुणे लाल सायकलवरच असतात म्हणे. म्हणून स्टेशनसमोरून दोन लाल सायकली भाड्याने घेतल्या. दुकानातल्या मुलीने विचारलं, आपण कुठून आलात? सुमिए गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "लांबून आलोय." मी मान खाली घालून पैसे दिले. त्या मुलीच्या आजीला आम्ही तीस वर्षं टोफू पुरवला होता.

खोटं कशाला सांगू, सकाळ फार छान गेली. तिचे पाय काही म्हणजे काही विसरले नव्हते. पुलाच्या चढावर मी धापा टाकत उतरलो तर ती वर जाऊन माझी वाट पाहत उभी. खंदकाकाठच्या दुकानात सोबाच्या शेवया खाल्ल्या, चहाघरात बसून गोड खाल्लं, पर्यटकांकडून फोटो काढून घेतला. मला वाटलं, आज रात्रीच फोन करून चिझुरुला सांगावं, येऊ नकोस, आई बरी आहे.

किल्ल्याखाली सायकली लावल्या तेव्हा सुमिए म्हणाली, तिला पायऱ्या नकोत, ती बाकावर बसेल. "तुम्ही वर जा आणि काय दिसतं ते मला येऊन सांगा." मी टोपी तिच्याजवळ ठेवून गेलो. माझी अक्कल तिथेच बाकावर राहिली होती असं समजा.

किल्ल्यात जोडे काढून वर चढायचं असतं. जिने शिडीसारखे उभे, एका वेळी एकच माणूस जाईल एवढे. सगळ्यात वरच्या मजल्यावर चारी बाजूंनी गाव दिसतं आणि पलीकडे सरोवर, पार क्षितिजापर्यंत पाणी. हे तिला कसं सांगावं याचा विचार करत मी खाली पाहिलं. पाइनच्या झाडांमधून खंदकावरचा पूल दिसत होता आणि पुलावरून एक लाल सायकल चालली होती. पाठीचा तो बाक मी कुठेही ओळखेन.

ओरडायला हवं होतं. शेजारी ओसाकाचं एक कुटुंब शांतपणे सरोवर पाहत होतं, त्यांना कशाला दचकवा म्हणून मी ओरडलो नाही. जिन्याशी आलो तर खालून शाळेच्या मुलांची रांग वर चढत होती. मी बाजूला उभा राहून प्रत्येकाला वाट दिली. शेवटून येणाऱ्या बाईंनी, खोळंबा केला, माफ करा, असं म्हणून मान लववली तेव्हा मीही मान लववली आणि हरकत नाही म्हणालो. हरकत नाही. बायको पूल ओलांडून चालली होती आणि मी हरकत नाही म्हणत होतो.

खाली आलो तेव्हा बाकावर फक्त माझी टोपी होती.

पूल ओलांडून दोन्हीकडे पाहिलं. चहाघरातल्या बाईंना विचारायला गेलो आणि तोंडातून निघालं, "आमची मंडळी जरा पुढे गेलीत वाटतं." त्या हसल्या, मीही हसलो. बायको हरवली असं सांगून त्यांच्या दुपारच्या गर्दीत मला घोळ घालायचा नव्हता.

मग मला वाटलं, ती टोफूच्या वाटेने गेली असणार. मी ती सगळी वाट पालथी घातली. मंदिरामागची गल्ली, डॉक्टरांचं घर, मासळीवाल्याचा बोळ. डॉक्टरांच्या घराच्या जागी गाड्या लावायचं मैदान झालंय. मासळीवाल्याच्या बोळात एक कुत्रं सोडून कोणी नव्हतं. आणि सगळीकडे पाणी. या गावात चार वळणं घेतली की खंदक नाही तर नदी, नाही तर सरोवर. मी प्रत्येक कठड्याशी उतरून खाली वाकून पाहिलं. एका जागी पाण्यात काहीतरी लाल दिसलं आणि मी कठड्यावरून अर्धा बाहेर वाकलो. कोणाची तरी फुटकी बादली होती.

चौकीत गेलो तेव्हा ऊन कलंडलं होतं. तरुण पोलीस होता, सभ्य होता. त्याने मला बसवलं, सगळं विचारलं आणि म्हणाला, "आजोबा, कपडे कोणते घातलेत आजींनी?"

मला सांगता येईना. सबंध दिवस मी तिच्या मागून सायकल चालवली होती. तिच्या कोटाचा रंग मला आठवेना. माझीच आठवण जातेय की काय असं वाटून मला दरदरून घाम फुटला. शेवटी सकाळचा तो फोटो सुचला. मी पोलिसासमोर मोबाइल धरला आणि त्यानेच पाहून सांगितलं, करडा कोट, पिवळा स्कार्फ. पिवळा स्कार्फ मीच दिला होता तिला.

"भोंग्यावरून सांगू का?" त्याने विचारलं. "घरच्यांची परवानगी लागते."

भोंगे आमच्याकडे गावभर खांबांवर आहेत. भूकंप, पूर, आणि हल्ली दर थोड्या दिवसांनी हरवलेलं एखादं म्हातारं माणूस. भोंगा वाजला की सुमिए हातातलं काम टाकून दाराबाहेर जायची, रस्त्याच्या दोन्ही टोकांना पाहून यायची. मी म्हणायचो, पोलीस आहेत ना, तुला काय पडलंय? ती म्हणायची, घरच्यांना काय वाटत असेल हो. आणि त्या घरच्यांचं नाव शोधून काढून गल्ली आठवडाभर चघळत बसायची. आता आमची पाळी. मी म्हणालो, थोडं थांबू या, सापडेल.

आणि परत निघालो. याला काय म्हणावं? लाज म्हणा, मूर्खपणा म्हणा. सरोवराकाठचा सगळा रस्ता पिंजून काढला. सूर्य पाण्याला टेकला होता. पर्यटक ओळीने उभे राहून फोटो काढत होते. सगळ्यांची पाठ माझ्याकडे, आणि त्यातली एकही तिची नाही. थंडी वाजायला लागली. तिच्या अंगावर तो पातळ कोट. मी सायकल काठावर टाकली आणि पहिल्यांदा ओरडलो, सुमिए, सुमिए. फोटो काढणारे वळून पाहू लागले. पाहू देत. मी चौकीत फोन केला आणि म्हणालो, सांगा भोंग्यावरून, आत्ताच्या आत्ता सांगा.

"नाव घालू का?"

"नाव नको," मी म्हणालो. तेवढी लाज तेव्हाही शिल्लक होती.

जरा वेळाने खांब खरखरला. बाईचा सावकाश आवाज सगळ्या गावावरून फिरला. त्र्याहत्तर वर्षांच्या एक बाई दुपारपासून घरी परतलेल्या नाहीत. करडा कोट, पिवळा स्कार्फ, लाल सायकल. कोणाला दिसल्यास पोलिसांना कळवावे. मी खांबाखाली उभा राहून रडलो. माझ्या बायकोचं एवढंच वर्णन उरलं होतं.

अंधारत आलं होतं. मी सायकल ढकलत पुलाकडे निघालो. समोरून दिवा लावून एक सायकल येत होती. ती थांबत होती, लोकांशी काहीतरी बोलत होती आणि पुढे येत होती. माझ्याजवळ आली, थांबली. करडा कोट, पिवळा स्कार्फ.

"भाऊ, जरा थांबता का?" सुमिए म्हणाली. दमली होती, गाल थंडीने लाल झाले होते. "भोंगा ऐकलात ना? एक म्हातारी हरवलीय. मी मघापासून शोधतेय, कुठे दिसेना. तुम्हाला दिसली का?"

मी तिच्या डोळ्यांत पाहिलं. तिथे मी नव्हतो. एक दमलेला म्हातारा होता, ज्याला तिने रस्त्यात थांबवलं होतं.

"नाही दिसली," मी म्हणालो.

"घरच्यांना काय वाटत असेल हो. अशा थंडीत."

"चला, दोघं मिळून शोधू," मी म्हणालो. आणखी काय म्हणणार होतो? तिचा हात धरला असता तर ती घाबरली असती.

आम्ही काठाकाठाने निघालो. ती डावीकडे बघायची, मी उजवीकडे. मध्येच ती कठड्याशी उतरून पाण्यात वाकून पाही, अगदी मी पाहत होतो तशी. मी मागे राहून हळूच चौकीत फोन केला. मग पुन्हा तिच्या बरोबरीने आलो. तिने विचारलं, त्या बाईंचं नाव काय, हाक तरी मारता येईल.

"सुमिए," मी म्हणालो.

तिने क्षणभर विचार केला. मग ती पाण्याकडे तोंड करून, मोठ्याने, हाक मारू लागली, "सुमिए बाई, सुमिए बाई." मीही मारली. दोघांनी मिळून मारली.

खांब पुन्हा खरखरला. मघाशी सांगितलेल्या बाई सुखरूप सापडल्या आहेत, सहकार्याबद्दल आभार. सुमिएने सायकल थांबवली, खांबाच्या दिशेने वाकून नमस्कार केला आणि छातीवर हात ठेवून तशीच उभी राहिली.

"सापडली बाई एकदाची," ती म्हणाली. "माझा जीव नुसता टांगणीला लागला होता." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्हीही घरी जा आता, भाऊ. किती उशीर झाला. कोणी आहे ना घरी?"

"आहे," मी म्हणालो. "आजच्या दिवस आहे."