चौथी फाइल

पेनड्राइव्ह कन्सोलच्या खाचेत जाईना, म्हणून सुनेने तो उलटा केला. तरीही जाईना, म्हणून पुन्हा सुलटा केला, आणि या वेळी तो मुकाट्याने आत बसला.

“पहिल्यांदा बरोबरच होतं,” खुर्चीतून बाई म्हणाल्या.

“याचं असंच असतं, आई.”

“त्याचं काही नसतं. धीर नाही तुला.”

टीव्हीच्या पडद्यावर निळसर उजेड पसरला आणि चार फाइलींची नावं एकाखाली एक उमटली. दुपारचे साडेतीन वाजले होते. पाच वाजता कुरिअरचा माणूस यायचा होता. त्याच्या हातून पाकीट बंदरावरच्या कंपनीच्या कचेरीत, तिथून उद्या सकाळी सुटणाऱ्या सामानाच्या बोटीवर, आणि नऊ दिवसांनी भर समुद्रात उभ्या असलेल्या खोदकामाच्या एका जहाजावर पोहोचणार होतं. त्या जहाजाच्या जेवणघरात भिंतीवर एक टीव्ही होता आणि टीव्हीला, वेळ घालवण्यासाठी कुणीतरी कधीकाळी आणलेला, खेळाचा कन्सोल जोडलेला होता. घरून आलेलं काही पाहायचं, तर तेवढ्याच वाटेने. बाईंचा मुलगा एकवीस महिने त्या जहाजावर होता.

बोट दोन महिन्यांतून एकदा जाई. एरवी आठवड्याला दहा ओळींचा निरोप, तोही जहाजावरच्या कारकुनाच्या नजरेखालून. पहिल्या खेपेला पाठवलेल्या चित्रफिती तिथे उघडल्याच नाहीत. ‘हा प्रकार चालत नाही’ एवढं सांगून कन्सोलने हात वर केले. दुसऱ्या खेपेला उघडल्या, पण नातीचं पहिलं पाऊल उचललं गेलं आणि चित्र तिथेच थिजलं. त्या आठवड्यात मुलाचा निरोप आला : ‘ती चालली की पडली, तेवढं कळवा.’

तो वाचून बाईंनी त्याच संध्याकाळी फर्मान काढलं. जहाजावर आहे अगदी तसाच कन्सोल, वापरलेला चालेल, पण तोच, घरात आला पाहिजे.

“दुधाने तोंड पोळलंय. आता ताक फुंकूनच प्यायचं. आधी इथे लागेल, मग तिथे जाईल.”

सून औषधांच्या दुकानात काम करी. डॉक्टरांचं अक्षर लावण्यात हयात गेलेली. तिने हेही लावलं. फोन नव्या, आवळून बसवलेल्या पद्धतीने चित्र साठवतो, ती या जुन्या डब्याला उमगत नाही. म्हणून प्रत्येक फाइल जुन्या, सर्वांच्या ओळखीच्या साच्यात पुन्हा ओतायची; चित्र एका साच्यात, आवाज दुसऱ्यात. लॅपटॉप तासभर तापायचा, पंखा घरघरायचा, आणि मग बाईंची तपासणी. तपासणी म्हणजे प्रत्येक फाइल पहिल्या क्षणापासून शेवटच्या क्षणापर्यंत, खुर्चीतून न उठता. बाईंनी बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती, त्यातली अठरा पर्यवेक्षक म्हणून. तारेच्या दोन टोकांना कुणाचा जन्म झालेला असो की कुणी गेलेलं असो, ‘बोला, लाइन जोडली आहे’ या त्यांच्या स्वराला कधी सुताइतकाही तडा गेला नव्हता. हाताखालच्या मुलींनाही त्यांनी तेच शिकवलं होतं.

पहिली फाइल लागली. घर. नवा रंग दिलेला जिना, खिडकीतून दिसणारी समोरची इमारत, शेजाऱ्यांचं लंगडं मांजर.

“मांजर जरा जास्तच झालंय,” बाई म्हणाल्या.

“त्याला आवडतं ते.”

“बरं. राहू दे.”

दुसऱ्या फाइलीत नात गॅलरीभर धावत होती. आता थिजण्याचा प्रश्नच नव्हता, तिला थांबवणंच मुश्कील होतं. बाईंनी बोटाने खुर्चीच्या हातावर ताल धरला आणि फाइल संपताच तो सोडला.

तिसरी सुनेची. ती तीनदा चित्रित झाली होती. पहिल्या वेळी सुनेने कॅमेऱ्याकडे पाहून सरळ म्हटलं होतं, “आता पुरे झालं. परत ये.” बाईंनी ती आपल्या डोळ्यांसमोर पुसायला लावली होती.

“दूर असलेल्या माणसाला घरचं रडगाणं ऐकवायचं नाही. आणि तेही चाळीस परक्या पुरुषांच्या देखत! आपलं माणूस तिथे बसून जेवतं गं.”

म्हणून आता तिसऱ्या फाइलीतली सून गळका नळ कसा दुरुस्त झाला ते हसतमुखाने सांगत होती. खोलीतली सून त्या वेळी पडद्याकडे न पाहता पेनड्राइव्हचं टोपण बोटांत फिरवत होती.

महिनाअखेरीला मुलाला कागदावर सही करायची होती. सही केली की आणखी दोन वर्षं. त्याने गेल्या निरोपात विचारलं होतं : ‘काय करू? तुम्ही दोघी म्हणाल तसं.’ बाईंनी उलट कळवलं होतं : ‘चित्रफितीत सांगते.’ आणि चौथ्या फाइलीत त्यांनी सांगितलं होतं. त्यासाठी सासऱ्यांचा जुना कॅमेरा तिवईवर चढवावा लागला. फोनसमोर उभं राहून बोलायला मी काय फेरीवाली आहे, असा बाईंचा सवाल होता. सहा मिनिटं त्या एका दमात बोलल्या होत्या. इकडची काळजी करू नकोस. आम्हाला काही कमी नाही. माझी तब्येत उत्तम आहे. पोर मजेत आहे. मिळतंय तोवर काम सोडू नये. सही कर. सून तेव्हा कॅमेऱ्यामागे उभी राहून बॅटरीच्या लुकलुकत्या खुणेकडे पाहत होती. ते शब्द तिला पाठ झाले होते.

तिने चौथी फाइल लावली. पडद्यावर बाई आल्या, ताठ, इस्त्रीचं पातळ नेसून. ओठ हलू लागले. आवाज आला नाही.

सुनेने रिमोटने आवाज वाढवला, आणखी वाढवला. काही नाही.

“सासूचा तेवढा आवाज गेला,” बाई म्हणाल्या. “ऐकलं हो देवाने तुझं!”

सुनेला हसू आवरलं नाही. मग ती लॅपटॉपवर वाकली.

“माझंच चुकलं, आई. जुन्या कॅमेऱ्यातला आवाज वेगळ्या प्रकारचा असतो. चित्र बदललं, पण ‘आवाज तसाच ठेवा’ ही खूण काढायची राहून गेली. लॅपटॉपला तो ऐकू येतो, म्हणून कळलं नाही. याला येत नाही.”

“म्हणजे तिथेही येणार नाही.”

“नाही. पण चित्राला हात लावायला नको, नुसता आवाज बदलायचाय. दहा मिनिटांचं काम.”

तिने पेनड्राइव्ह काढायला हात पुढे केला.

“थांब. शेवटपर्यंत बघायचं ठरलंय.”

“अहो, पण ऐकूच येत नाही तर—”

“ठरलंय ना? मग बस.”

सून जमिनीवर बसली.

पडद्यावरच्या बाई बोलत होत्या. शब्द नव्हते, म्हणून नजरेला दुसरं काम उरलं. उजवा हात खुर्चीच्या हाताची एकच जागा घासत होता, तिथला काही डाग काढायचा असल्यासारखा. थोड्या थोड्या वेळाने डोळे कॅमेऱ्यावरून सुटून डावीकडे जात. डावीकडे दार होतं. जिन्यावर कुणी चढत असेल त्या वेळी. या इमारतीत दिवसभर कुणी ना कुणी चढतच असे. डोळे जात, तिथे क्षणभर थांबत, आणि परत येत. ओठ मात्र एकदाही अडखळले नाहीत.

एका ठिकाणी बाईंची हनुवटी किंचित वर गेली आणि गळ्याची शीर ताणली. हे ‘माझी तब्येत उत्तम आहे’ असणार, असा सुनेने अंदाज केला. पण ते वाक्य त्या चेहऱ्यावर काही केल्या बसेना.

शेवटी ओठ दोनदा उघडले आणि मिटले. सही कर. त्यानंतर कॅमेरा लगेच बंद झाला होता, असं सुनेला वाटत होतं; तसं झालेलं नव्हतं. तिला कळ सापडेपर्यंतचे काही क्षण त्यात राहून गेले होते. त्या क्षणांत बाई बोलत नव्हत्या. त्या नुसत्या समोर पाहत होत्या, अंगणाच्या फाटकाशी उभं राहून रस्त्याच्या वळणाकडे पाहावं तशा, आणि त्यांच्या चेहऱ्याला कुणीही बघत असल्याचं भान नव्हतं.

फाइल संपली. पडद्यावर पुन्हा चार नावं आली.

सुनेने बाईंकडे वळून पाहिलं नाही. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करत होतं. ती तिसऱ्या प्रयत्नात सुरू झाली.

“मी अशी दिसते?” बाईंनी विचारलं.

सुनेने टोपण मुठीत घट्ट धरलं.

“सव्वाचार होतायत,” ती म्हणाली. “आवाज बसवून टाकू का? होईल पाचच्या आत.”

बाईंनी चष्मा काढला, पदराने दोन्ही काचा पुसल्या, उजेडाकडे धरून पाहिल्या आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“चित्र तिथे नक्की दिसेल?”

“चित्र नक्की दिसेल.”

“मध्येच थिजणार नाही?”

“नाही, आई. इथे लागलं म्हणजे तिथे लागणारच.”

“मग झालं तर.”

सून हळूच म्हणाली,

“पण तो म्हणेल, पुन्हा बिघडलेलीच पाठवली.”

“हं,” बाई म्हणाल्या, आणि त्यांचा स्वर खणखणीत, कामावरचा झाला. “पाकिटात घालायला कागद घे एक. कशात काय आहे ते लिहून दे त्याला. नीट, सुवाच्य. ते तुमचं औषधांच्या चिठ्ठीवरचं नको.”

सुनेने कागद घेतला. पहिली, घर. दुसरी, आपली मुलगी. तिसरी, मी. चार आकडा लिहून ती थांबली आणि तिने वर पाहिलं.

“चौथी, आई,” बाई सांगू लागल्या. “पुढे लिही, आवाज नाही.”

सुनेने लिहिलं.

“आणि खाली लिही,” बाई म्हणाल्या, पडद्याकडे पाहत, “यंत्राचा दोष समजू नये.”