वुइसानला बसवायचं होतं

पटकीने वुइसान पहाटे गेला. रिंगकितानने लगेच नवऱ्याचे गुडघे छातीशी दुमडून वेताने बांधले. अंग ताठलं की माणूस बसत नाही, आणि आमच्याकडे मेलेल्याला आडवं टाकत नाहीत. आईच्या पोटात होता तसा, उत्तरेकडे तोंड करून वारुगेत, म्हणजे दगडाच्या पेटीत, बसवतात. वुइसानच्या बापाची दगडी वारुगा अंगणातच होती. पण तिचं छपरासारखं झाकण उचलायला आठ गडी लागत.

तिने दारोदार हाका मारल्या. एकही दार उघडलं नाही. रोगाची भीती होतीच, वर डच साहेबाचा हुकूम होता: मढी दगडात ठेवायची नाहीत, जमिनीत पुरायची.

शेवटी तिने आणि म्हाताऱ्या सासूनेच फटीत बांबू घातले. झाकण जरासं उचललं, बांबू फुटला, आणि धोंडा धाडकन खाली बसला.

आवाज ऐकून वुइसानचा थोरला भाऊ कालालो कुंपणाशी आला. गावचा मुखिया तोच.

"सोडा ते! गावात लेकरंबाळं आहेत."

"माझी लेक नव्हती गावातली?" रिंगकितान ओरडली. "काल तुमच्या माणसांनी तिला खड्ड्यात ओंडक्यासारखी आडवी टाकली, भाऊजी. ह्यांना नाही टाकू देणार."

"मुडद्या, बघतोस काय?" सासू म्हणाली. "तुझाच बाप बसलाय आत. लाव खांदा!"

कालालो आत आला. खांदा लावला. तिघांनी रेटून रेटून खांदे सोलवटले, धोंडा हलेना. ऊन चढलं. माश्या घोंगावू लागल्या. कालालोने कुदळ उचलली.

"मी खणतो. अरुंद आणि खोल."

रिंगकितान त्याच्या पाठीवर बुक्क्या मारू लागली. "मातीत कुजतील ते!"

"कुजेल. पण बसून कुजेल."

तिच्या बुक्क्या थांबल्या. मग तीही माती उपसू लागली.

वुइसानला खाली सोडल्यावर त्याचं तोंड उत्तरेकडे वळवायला ती स्वतः खड्ड्यात उतरली. वळवून झालं, तरी वर येईना. त्याच्या पाठीला पाठ लावून बसली.

"टाका माती, भाऊजी."

कालालोने पालथं पडून हात खाली दिला. तिने बघितलंही नाही.

सासू काठाशी सरकत आली. "ये गं वर," ती म्हणाली. "मला कोण बसवणार मग?"

बऱ्याच वेळाने रिंगकितानने हात वर केला. कालालोने तिला ओढून घेतलं आणि खड्डा बुजवला. ती सासूला धरून पाठमोरी उभी राहिली.