आठ बाह्यांचा ऑक्टोपस

"अहो, ऑक्टोपसला कुठं कफ असतात का?" स्टेजमागे नातीच्या पोशाखाची पिशवी उघडताच कस्तुराबाईंनी कपाळाला हात लावला.

पिराजींनी आठही बाह्यांना कफ जोडून वर बटणं लावली होती. शिवाजीनगरात उभा जन्म शर्ट शिवण्यात गेलेला; बाही म्हटली की कफ आलाच! नवरा नुसताच हसला. घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज गेला होता. समाजाच्या भजनात पहिला सूर लावणारा हा माणूस तेव्हापासून या हॉलची पायरी चढला नव्हता. आज नातीसाठी आला, तोही बायकोनं दम भरला म्हणून; आणि पिशवी देऊन बसला कुठं, तर दारापाशी, चपलांशेजारी.

"असू दे की आजी," रक्षिता म्हणाली, "माझा ऑक्टोपस ऑफिसला जातोय!"

मुलांच्या वेशभूषेतल्या वादस्पर्धेचा विषय होता, मोठं कोण, बुलबुल की ऑक्टोपस? बुलबुल झालेल्या गुरुराजनं अशी काही शीळ घातली की हॉल दणाणला. वर म्हणतो कसा, "हा काय गाणार? ह्याला आवाजच नाही!"

लोक खो-खो हसले. कस्तुराबाईंची नजर थेट नवऱ्याकडं गेली. दाराशी पिराजींनी एक पाय चपलेत घातला होता.

इकडे हसण्यानं रक्षिता गडबडली. "मला... मला..." पुढचं आठवेना. गेलं सगळं! आता पोरही रडणार आणि हा माणूस पुन्हा घरात कोंडून घेणार.

घरी मशीनपाशी पाठांतर करताना ती अडली की आजोबा खुणेनं सांगायचे. आताही तिनं दाराकडंच पाहिलं. पिराजी उठले. भर हॉलात त्यांनी छातीवर तीनदा हात मारला.

"तीन!" रक्षिता ओरडली. "मला तीन हृदयं आहेत, बुलबुलला एकच! आवाज नाही तर नाही, मी रंग बदलून बोलते. बघणाऱ्याला बरोब्बर कळतं!" आणि आठही कफ गरगरा फिरले.

"शाब्बास गं माझी वाघीण!" कस्तुराबाई खुर्चीवर चढायच्याच बाकी होत्या. टाळ्या थांबेनात. बक्षीस बुलबुललाच मिळालं. मिळू दे की!

मग भजनाची तयारी सुरू झाली. नवरा थांबायचा नाही हे ठाऊक असल्यानं कस्तुराबाईंनी पिशवी उचलली. "चला, ऑटो बघू या," म्हणत दाराशी आल्या, तर तिथं नुसत्या चपला.

पिराजी पुढं, आपल्या जुन्या जागेवर, टाळ घेऊन बसले होते. पहिला सूर शेजारी बसलेल्या मल्हाररावांनी लावला. ओठ पिराजींचेही हलत होते.