रंगमंचावर टोपी नको

मित्रांनो, अंकाराच्या नाट्यशाळेत पडद्यामागच्या खुंटीवर लटकलेली तपकिरी हॅट म्हणजे मी. आता जुनी झाले आहे. कसरीने कड खाल्ली आहे.

माझा जन्म जर्मनीतला. सशाच्या केसांपासून मला बनवलं. त्यामुळे भित्रेपणा माझ्या अंगातच आहे, असं मी स्वतःला समजावते. माझ्या मालकांना तीही सबब नव्हती.

माझे मालक आल्ब्रेख्तसाहेब नाटकं बसवत. बाहेरची टोपी घालून रंगमंचावर चढायचं नाही, असा तिथला जुना रिवाज. साहेब फार कडक. सुतार, रंगारी, शिंपी, कुणाचीही गय करत नसत. "टोपी!" असं ओरडले की सुताराच्या हातून हातोडा पडे.

मग ते नवं सरकार आलं. एका सकाळी तालमीत तीन गणवेशवाले थेट रंगमंचावर चढले. प्रॉम्प्टर लीबमानकाका ज्यू, म्हणून त्यांना दंडाला धरून ओढू लागले. काका मुळात थट्टेखोर. जाता जाता म्हणाले, "साहेब, यांच्या टोप्या डोक्यावरच आहेत हो!"

सगळे साहेबांकडे बघू लागले. साहेबांनी मला दोन्ही हातांत धरलं होतं. ते माझ्या आतच बघत राहिले, जणू तिथे काही लिहिलंय. तिथे फक्त टोपीवाल्याचं नाव होतं.

लीबमानकाका परत आले नाहीत.

पुढे बाईसाहेबांची, म्हणजे साहेबांच्या पत्नीची, आजी ज्यू होती हे शोधून काढून साहेबांनाही घरी बसवलं. तेव्हा तुर्कस्तानातून बोलावणं आलं आणि आम्ही इथे आलो. इथली मुलं साहेबांना 'होजा' म्हणजे गुरुजी म्हणत. नाटकं गाजली, कौतुक झालं. "होजा देश सोडून आले, केवढं धाडस!" असं कुणी म्हटलं की साहेब मला कानापर्यंत खाली ओढत.

साहेबांचा टोपीचा नियम मात्र इथेही होता. इकडे तर सरकारने जुन्या टोप्या बंद करून हॅट घालायचा कायदा केला होता. मुअल्ला नावाची वात्रट विद्यार्थिनी म्हणायची, "होजा, सरकार म्हणतं हॅट घाला, तुम्ही म्हणता काढा. आम्ही डोकंच घरी ठेवून येऊ का?"

एकदा तालमीत शिक्षण खात्याचे प्रमुख हालित बे, आपल्याकडचे हालितराव म्हणा, आले आणि हॅटसकट रंगमंचावर चढले. साहेबांचा इथला मुक्काम त्यांच्याच सहीवर अवलंबून होता.

"होजा," मुअल्ला कुजबुजली, "टोपी!"

साहेबांनी मला हातात घेतलं. पुन्हा माझ्या आत बघू लागले. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग मान वर करून, मोडक्या तुर्कीत ते म्हणाले, "हालित बे, टोपी काढा."

हालित बेंनी हॅट काढली. टकलावरून हात फिरवला. "माफ करा होजा, टक्कल दिसतं म्हणून घालतो हो," ते म्हणाले आणि सगळ्यांसाठी चहा मागवला.

मुलं हसली. साहेब पडद्यामागे गेले. मुअल्ला चहा घेऊन गेली, तर ते तोंड माझ्यात खुपसून रडत होते.

"अहो होजा, काढली की त्यांनी!"

"तेव्हाही एवढंच म्हणायचं होतं," साहेब म्हणाले. "एवढंच."

त्या दिवसापासून मी या खुंटीवर आहे. साहेबांनी मला पुन्हा घातलं नाही.

मित्रांनो, हॅट ब्रशने झाडावी, कसरीपासून जपावी, हे तर आहेच. पण कुणी तुमच्याकडे आशेने बघत असेल, तेव्हा आमच्या आत डोकावू नका. आत टोपीवाल्याच्या नावाशिवाय काहीही लिहिलेलं नसतं.