शून्याचं गाव

"सरळ नाहीये ताई. आठ डावीकडे कललाय," खालून सौमित्र ओरडला.

सुप्रभा शिडीवर उभी होती. तिने पत्र्याची पाटी बोटाने जराशी ढकलली, मान मागे नेऊन पाहिलं आणि खाली उतरली. ओकुमिने गावाच्या याकुबासमोर, म्हणजे सरकारी कार्यालयासमोर, उभारलेल्या त्या फलकावर आता ४९९८ हा आकडा होता. त्याखाली 'वाहन अपघातात मृत्यू न झालेले दिवस' अशी बारीक ओळ, आणि सगळ्यांत खाली, रस्त्यापलीकडूनही वाचता येईल अशा निळ्या अक्षरांत गावाचं घोषवाक्य होतं : सगळे घरी येतात ते गाव.

"परवा पाच हजार. पार्टी बिर्टी?" सौमित्रने विचारलं.

"पार्टी कसली! शाळेचा बँड, महापौरांचं भाषण आणि फुकट पाव."

"पाव आहे ना? मग थांबतो परवापर्यंत."

सौमित्र क्योतोच्या विद्यापीठात पीएच.डी. करत होता. महिन्यातून दोनदा इथे यायचा आणि वरच्या देवदाराच्या जंगलातल्या ओढ्यांचं पाणी मोजायचा. जंगलाच्या रस्त्यावरच्या फाटकाची किल्ली याकुबात असे. ती घेण्याच्या निमित्ताने दहा मिनिटं मराठी बोलून जायचा. त्या दहा मिनिटांची सुप्रभा वाट बघायची, पण हे तिने त्याला कधी सांगितलं नव्हतं. त्याने वहीत सही केली, किल्ली खिशात टाकली, "येतो ताई" म्हणाला आणि सायकलवर टांग मारली. तेव्हा नऊला दहा कमी होते.

आता या शून्याची थोडी कथा सांगायला हवी. जपानात प्रत्येक गावाला मिरवायला काहीतरी लागतं. ओकुमिनेच्या अलीकडचं गाव पीचचं, पलीकडचं गरम पाण्याच्या झऱ्यांचं. ओकुमिनेकडे दाखवायला काही म्हणजे काही नव्हतं. तीन हजार माणसं, त्यांतली निम्मी सत्तरीपुढची. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की गेली चार वर्षं गावात एकही माणूस गाडीखाली मेलेला नाही. महापौरांनी ते उचलून धरलं. 'शून्याचं गाव' असं बारसं झालं, स्टेशनवर पाटी लागली, बेकरीवाल्याने मधे भोक असलेला पाव काढला. घोषवाक्यासाठी स्पर्धा घेतली, तिला दोनशेबारा चिठ्ठ्या आल्या. सुप्रभाला तेव्हा याकुबात नोकरी लागून वर्षच झालं होतं. पुण्यात जपानी शिकलेली, लग्नाच्या भानगडीत न पडलेली, दरवर्षी मार्चमध्ये करार वाढवून मिळेल की नाही या धाकात राहणारी ती एक साधी कारकून. घरातून निघताना तिची आई 'जाते' म्हणू द्यायची नाही, 'येते' म्हण म्हणायची. इथली माणसंही दारातून निघताना 'जाऊन येतो' म्हणतात. तेवढ्यावरून तिने ती ओळ लिहून टाकली आणि तीच निवडली गेली.

त्या दिवसापासून गाव तिचं झालं. म्हाताऱ्या बायका तिला मुळे आणून देऊ लागल्या. रोज सकाळी आकडा बदलायचं कामही तिच्याकडेच आलं. 'इथे मुलं सुरक्षित' म्हणून ओसाकाकडची अकरा कुटुंबं राहायला आली आणि बंद पडायला आलेली शाळा वाचली. आता गाव त्या शून्यावर जगत होतं म्हटलं तरी चालेल.

सव्वानऊला फोन वाजला. विभागप्रमुख हिराओका-सान यांनी तो घेतला, उभं राहून ऐकला, आणि खाली ठेवल्यावर कुणाकडेही न बघता म्हणाले, "वळणावर. सायकलवाला. भारतीय विद्यार्थी."

मग त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि हातातल्या कागदावर काहीतरी टिपलं. सुप्रभाला त्या वेळी त्याचं काहीच वाटलं नाही. माणूस गांगरला की घड्याळाकडे बघतोच.

*

गाडी गावातल्याच एका एक्क्याऐंशी वर्षांच्या आजोबांची होती. सौमित्रला शेजारच्या शहरातल्या इस्पितळात नेलं. सुप्रभाला दुभाषी म्हणून तिथे पाठवलं. अतिदक्षता विभागाच्या काचेतून तिला त्याचे फक्त पाय दिसले. एका पायात मोजा होता, दुसऱ्यात नव्हता.

डॉक्टर पन्नाशीचे, हळू बोलणारे. त्यांनी तिला बाजूला घेतलं. मेंदूला फार मार बसलाय, आशा नाही. हृदय अजून चाललंय, पण ते आज ना उद्या थांबेल. आई-वडिलांशी बोलायला हवं.

दुपारी एक वाजता हिराओका-सान आले. कोनबिनी म्हणतात त्या कोपऱ्यावरच्या दुकानातून तिच्यासाठी भाताचा गोळा आणि गरम चहा घेऊन आले होते. दहा वर्षांत या माणसाने तिच्याशी एकदाही आवाज चढवला नव्हता. तिच्या शेजारी बसून त्यांनी स्वतः वेष्टन उघडून दिलं.

"डॉक्टर काय म्हणतात?"

"आशा नाही म्हणतात. दोन वाजता त्याच्या वडिलांना फोन लावायचाय. हृदय थांबलं तर छाती दाबून पुन्हा सुरू करायचं का, ते विचारणार आहेत."

हिराओका-सान यांनी रिकाम्या वेष्टनाची घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाले, "पोलिसांच्या मोजणीत एक नियम आहे, तुम्हाला ठाऊक असेल. अपघातानंतर चोवीस तासांच्या आत जे जातात, त्यांनाच अपघातात मृत्यू धरतात. त्यानंतरचे वेगळे."

सुप्रभाला ठाऊक होतं. तिनेच तो नियम इंग्रजीत करून माहितीपत्रकात छापला होता. तेव्हा ती फक्त एक ओळ होती. भाताचा गोळा तिने बाजूला ठेवला.

"नऊ वाजून दहा मिनिटं," हिराओका-सान म्हणाले. "अर्थात, ते मी सहज सांगितलं. आई-वडिलांना सगळे प्रयत्न व्हावेत असंच वाटणार. कुठल्याही देशातले असोत, नाही का, सुप्रभा-सान?"

ती "हो" म्हणाली. ते उठले, तिच्यापुढे वाकले, आणि "तुमच्यावरच सगळं सोपवतो" असं म्हणून गेले. असं ते रोज संध्याकाळीही म्हणायचे.

दोन वाजता डॉक्टरांच्या खोलीत तिने फोन लावला. सौमित्रचे वडील सदानंद कराडला असत, हायस्कुलातल्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून आयुष्य काढून निवृत्त झालेले. सकाळची बातमी त्यांना विद्यापीठाने कळवली होती. त्यांचा आवाज रडून कोरडा पडलेला होता.

सुप्रभाने डॉक्टरांचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं. तिकडून पंख्याची घरघर ऐकू येत होती.

"ताई, नाव काय म्हणालात तुमचं? सुप्रभा. सुप्रभाताई, तुम्ही ओळखता त्याला?"

"हो काका. सकाळीच बोलले मी त्याच्याशी."

"मग ऐका. माझा थोरला भाऊ असाच गेला. हृदय थांबलं की दाबायचे, पुन्हा थांबलं की पुन्हा दाबायचे. बरगड्या मोडलेल्या त्याच्या. मी बाहेरनं ऐकत होतो. माझ्या पोराला तसलं काही करू नका. जातोय तर त्याला नीट जाऊ द्या. हिलाही तेच वाटतंय. सांगा त्यांना. हात लावू नका म्हणावं."

"सांगते काका."

डॉक्टर पेन हातात धरून तिच्याकडे बघत होते.

नंतर सुप्रभाने स्वतःला पुष्कळ कारणं दिली. आपल्यालाच तो जायला नको होता, हे एक. वडील धक्क्यात होते, उद्या त्यांना पस्तावा झाला असता, हे दुसरं. अकरा कुटुंबं, शाळा, मुळे आणून देणाऱ्या बायका, मार्चमधला करार. यांतलं कुठलं कारण खरं होतं ते तिला शेवटपर्यंत सांगता आलं नाही. पण त्या क्षणी तिच्या डोळ्यांसमोर फक्त घड्याळाचा काटा होता, आणि हे तिला पक्कं आठवत होतं.

"शक्य असेल ते सगळं करा म्हणताहेत," ती जपानीत म्हणाली.

डॉक्टरांनी मान डोलावली आणि लिहून घेतलं.

"सांगितलंत?" फोनमधून सदानंदांनी विचारलं.

"सांगितलं, काका."

"लई उपकार झाले बघा तुमचे."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ती इस्पितळात पोचली तेव्हा डॉक्टर दारातच भेटले. घरी गेलेले दिसत नव्हते. पहाटे हृदय थांबलं होतं, ते म्हणाले. सव्वीस मिनिटं प्रयत्न केले. तरुण शरीर, त्यामुळे परत सुरू झालं. बरगड्या तुटल्या, त्याला इलाज नव्हता. "कुटुंबाच्या इच्छेप्रमाणे आम्ही सगळं केलं," असं म्हणून ते तिच्यापुढे खोल वाकले. तीही वाकली. वाकल्यावर तिला पुन्हा सरळ व्हायला भीती वाटली.

फोन दर तासाला येत होता. आठ वाजता आला, नऊ वाजता आला. हिराओका-सान फक्त "कसे आहेत?" एवढंच विचारत आणि ती "हृदय चालू आहे" एवढंच सांगे. काचेपलीकडे छाती वरखाली होत होती. यंत्र ती हलवत होतं. त्या छातीत आत काय मोडून पडलंय हे आता तिला माहीत होतं आणि तरी तिची नजर भिंतीवरच्या घड्याळावर जात होती. स्वतःची इतकी शिसारी तिला आयुष्यात कधी आली नव्हती.

नऊ वाजून बारा मिनिटांनी पुन्हा फोन आला.

"कसे आहेत?"

"हृदय चालू आहे."

तिकडे कुणीतरी मोठा श्वास सोडला. एकापेक्षा जास्त माणसं फोनभोवती उभी असावीत. "फार कष्ट घेतलेत," हिराओका-सान म्हणाले. त्यांचा आवाज भरून आला होता, आणि तो खरोखर भरून आला होता. "आज फलक तसाच ठेवला होता. आता बदलतो. तुम्ही काळजी करू नका, शिडी मी धरायला सांगतो कुणाला तरी."

दहा वाजून वीस मिनिटांनी सौमित्र गेला.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, सोहळा झाला. अलीकडच्या दुःखद घटनेचा मान राखून बँड रद्द केला आहे, असं महापौरांनी सुरुवातीलाच सांगितलं. सगळ्यांनी अर्धं मिनिट माना खाली घातल्या. मग पाच हजारचा आकडा लागला आणि टाळ्या पडल्या. ओसाकाहून आलेल्या एका आईने सुप्रभाचा हात हातात घेतला. "तुम्ही त्या मुलापाशी शेवटपर्यंत थांबलात म्हणे. तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून हे गाव हे गाव आहे." एका लहान मुलीने तिला पाव आणून दिला. तिने तो खाल्लाही.

*

आठव्या दिवशी सदानंद आले. क्योतोत विद्यापीठातल्या मुलांनी दहन वगैरे सगळं उरकून दिलं होतं. त्यांना पोराचा ओढा बघायचा होता आणि सरकारी कागद समजून घ्यायचे होते. हिराओका-सान यांनी त्यांना याकुबातली एक खोली उघडून दिली, चहा ठेवला, फार वेळ वाकले आणि दार लोटून घेतलं. सदानंद म्हणजे बुटका, काटक माणूस. नवा कोरा स्वेटर त्यांच्या अंगावर लोंबत होता.

आल्या आल्या त्यांनी सुप्रभापुढे हात जोडले.

"काका, नका असं करू. मी लहान आहे तुमच्याहून."

"वयाचं काय घेऊन बसलीस पोरी. माझा शब्द तू तिथवर पोचवलास. आई तर त्याची रोज म्हणते, तेवढं एक समाधान आहे." ते बसले, चष्मा लावला. "हां, वाच आता. एकेक ओळ वाच. सोडू नको काही."

तिने पोलिसांचा कागद वाचला. मग इस्पितळाचा अहवाल घेतला. पहिलं पान झालं. दुसऱ्या पानाच्या मध्यावर ती थांबली. ती ओळ गाळली असती तर या जगात कुणालाही कळलं नसतं. समोरच्या माणसाला जपानीचं एक अक्षर येत नव्हतं.

"पहाटे चार वाजून पाच मिनिटांनी हृदय बंद," ती म्हणाली. "छातीवर दाब देऊन सव्वीस मिनिटं प्रयत्न. हृदय पुन्हा सुरू. डाव्या बाजूच्या पाच बरगड्या, उजव्या बाजूच्या तीन..."

"थांब." त्यांनी चष्मा काढला. "मी नको म्हटलं होतं."

"हो."

"मग डॉक्टरनं ऐकलं नाही?"

एवढी मोठी वाट त्यांनीच तिला काढून दिली होती. तिने कागद टेबलावर ठेवला.

"डॉक्टरांना मी सांगितलंच नाही, काका. सगळं करा, असं सांगितलं."

"का गं?"

तिने सांगितलं. चोवीस तासांचा नियम, फलक, पाच हजार, नऊ वाजून दहा मिनिटं. मराठीत ते सगळं इतकं थोडं होतं की दोन मिनिटांत संपलं. सदानंद ऐकत होते. मधे त्यांचा हात स्वतःच्याच बरगड्यांवर गेला आणि तिथेच राहिला.

"आणि मग तो त्या आकड्यात नाही?"

"नाही."

ती रडायला लागली. त्यांनी तिला रडू दिलं, थांबवलं नाही, समजूतही घातली नाही. थोड्या वेळाने त्यांनी हात पुढे केला आणि टेबलावरचे कागद स्वतःकडे ओढले. एकेक पान जुळवलं, कडा टेबलावर आपटून सारख्या केल्या.

"बाकीचं मी दुसऱ्या कुणाकडनं वाचून घेतो," ते म्हणाले.

"काका, बसला अजून चाळीस मिनिटं आहेत. मी स्टेशनवर सोडते."

"नको."

दार त्यांनी हळूच लावलं. सुप्रभा खिडकीशी गेली. रस्त्यापलीकडे बसच्या थांब्यावर ते बाकाच्या अगदी टोकाला बसले होते. त्यांनी मांडीवर दुसरं पान उघडलं, चष्मा लावला, आणि त्या न येणाऱ्या अक्षरांवरून वरपासून खालपर्यंत एकेक ओळ बोट फिरवत वाचायला सुरुवात केली.