बुंदीत पडलेला सुताचा रंग

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. बुडाला पाच भोकं, आत माती आणि सदाफुली. एकेकाळी माझा तोरा वेगळाच होता. माझ्यात बिस्किटं यायची आणि अंगावर हसऱ्या मुलाचं चित्र होतं. ते अजून पुसट दिसतं.

बिस्किटं संपली तेव्हा सक्करदऱ्याच्या देवराव विणकरांनी माझ्यात सूत रंगवायचा पिवळा रंग भरला. त्यांच्या लुगड्यांचं कौतुक व्हायचं आणि फुगायचो मी.

अडुसष्ट साली त्यांच्या थोरल्या लेकीचा साखरपुडा ठरला. पाहुणे उमरेडहून येणार होते. वच्छलाबाई, म्हणजे देवरावांची बायको, बुंदी पाडत होत्या.

"फिकीच दिसून राहिली," त्या म्हणाल्या. "डब्यातला चिमूटभर रंग टाकू का?"

"टाक ना," देवराव म्हणाले. "सुताले शोभते, तर बुंदीले काहून नाही?"

बुंदी अशी पिवळीधम्मक झाली की मीही खूश झालो. अक्कल नव्हती मला. पाच वर्षांच्या धाकट्या लतिकाने पाहुणे येण्याआधीच मुठी भरभरून खाल्ली.

संध्याकाळी तिला उलट्या सुरू झाल्या, मग पोर डोळेच उघडेना. देवराव तिला उचलून दवाखान्यात धावले. काय खाल्लं, हे सांगताना त्यांनी कोपरापर्यंत पिवळे हात पुढे केले.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हा रंग किती दिवसांत जातो?"

"आठ दिवस तरी राहते, बाई."

"मग हिच्या पोटातला कधी जाईल?"

हे सगळं त्यांनी घरी येऊन रडत वच्छलाबाईंना सांगितलं, तेव्हा मी फळीवरच होतो. पाहुण्यांना निरोप गेला, साखरपुडा पुढे ढकलला, आणि तीन दिवस घरात चूल पेटली नाही. मला फार लाज वाटली. बाहेर खाऊचं चित्र आणि आत असला रंग.

चौथ्या दिवशी लतिकाने पेज मागितली. त्याच दिवशी देवरावांनी खिळा घेऊन माझ्या बुडाला भोकं पाडली.

"याच्यात आता कोणी काही भरणार नाही," ते म्हणाले. मला दुखलं, पण राग आला नाही.

मित्रांनो, डब्याला तोंड असतं पण बोलता येत नाही. भडक खाऊ समोर आला की तुम्हीच विचारा, यात काय घातलंय म्हणून.

आज, सत्त्याऐंशी साली, सदाफुली लावून मला लतिकाच्या अंगणात ठेवलंय, आणि तिच्या घरी फिकीच बुंदी होते. देवराव नातीला भरवतात. माग कधीच बंद पडला, हात स्वच्छ आहेत. तरी ते आधी माझ्याजवळ येऊन हात धुतात, उन्हात धरून उलटसुलट पाहतात, आणि मगच घास उचलतात.